पायथन येतं, पण पुढे काय? प्रगत डेटा प्रोग्रामिंगची चांगली साधनं कशी शोधायची



पायथनचं लूप जमलं, लिस्ट आणि डिक्शनरी कळली, पांडाजमध्ये सीएसव्ही फाइल उघडून पहिल्या पाच ओळीही बघून झाल्या. इथपर्यंत आता भरपूर जण पोचतात आणि बरेचसे मोबाइलवरच पोचतात. खरी अडचण त्यानंतर येते. यूट्यूबवर पुढचं काही शोधायला गेलं की पुन्हा "पायथन इन्स्टॉल कसं करायचं" पासून सुरू होणारे व्हिडिओ समोर येतात. इन्स्टाग्राम उघडलं की "६ महिन्यांत डेटा सायंटिस्ट व्हा, १००% प्लेसमेंट" अशी जाहिरात. सोलापुरातल्या पोराला आजूबाजूची माणसं आणखी एक सल्ला देतात: हुतात्मा एक्स्प्रेस पकड, पुण्यात रूम घे, क्लास लाव. रूमभाडं, मेस आणि क्लासची फी मिळून किती होते, हे घरी पैसे मागताना कळतं.

पुण्याला जायला हरकत नाही. पण प्रगत डेटा प्रोग्रामिंगसाठी लागणारं सगळ्यात चांगलं साहित्य इंटरनेटवर फुकट पडलेलं आहे, तेही ते ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या माणसांनी स्वतः लिहिलेलं. ते ओळखायचं कसं, कोणत्या क्रमाने वाचायचं आणि सराव कशावर करायचा, एवढंच या लेखात बघू. सरावासाठी आपण सोलापूरचाच डेटा घेऊ: बाजार समितीतला कांदा आणि उजनीचं पाणी.

"प्रगत" म्हणजे नेमकं काय?

जाहिरातींमध्ये प्रगत म्हणजे मशीन लर्निंग, डीप लर्निंग, एआय. प्रत्यक्ष कामात मात्र त्याआधीचा एक मोठा टप्पा आहे आणि मुलाखतीत बहुतेक जण तिथेच अडकतात.

समजा तुमच्याकडे दहा लाख ओळींची फाइल आहे आणि भाव क्विंटलमध्ये दिलाय. तुम्हाला तो किलोमध्ये हवाय. नवशिका प्रत्येक ओळीवर लूप फिरवतो आणि चहा पिऊन येतो. ज्याला तंत्र माहीत आहे तो पूर्ण कॉलमला एकदाच १०० ने भागतो आणि उत्तर लगेच मिळतं. याला व्हेक्टरायझेशन म्हणतात. आत नमपाय हे काम सी भाषेत लिहिलेल्या कोडकडून सलग करून घेतं, म्हणून एवढा फरक पडतो.

या टप्प्यात अशा अनेक गोष्टी येतात. गट पाडून हिशेब करणं, दोन टेबलं बरोबर जोडणं, तारखांवर काम करणं, डेटाबेसमध्ये विंडो फंक्शन वापरणं, मेमरीत न मावणारी फाइल तुकड्यांनी वाचणं, आपला कोड चुकतोय का हे तपासणाऱ्या छोट्या टेस्ट लिहिणं आणि गिट वापरणं. यातलं काहीच चकचकीत नाही, म्हणून याच्या जाहिराती दिसत नाहीत. स्पार्कसारखी मोठी नावं तर यानंतरची. तुमचा डेटा एका लॅपटॉपमध्ये मावत असेल तर स्पार्कची गरजच नसते. तो अनेक मशीनवर विभागलेल्या डेटासाठी आहे.

आधी बघा: साधन जुनं तर नाही?

डेटाची साधनं भरभर बदलतात, आणि यूट्यूबवर सगळ्यात वर येणारा व्हिडिओ बऱ्याचदा जुना असतो, कारण त्याचे व्ह्यूज जास्त साठलेले असतात. काही खुणा लक्षात ठेवा, दोन मिनिटांत कळतं.

पांडाजमध्ये एका डेटाफ्रेमला दुसरी जोडताना शिक्षक "अपेंड" वापरतोय का? ही सोय २०२३ मध्ये आलेल्या पांडाज २.० मधून काढून टाकली आहे. आता "कॉनकॅट" वापरतात. व्हिडिओत बघून तसंच टाइप केलं की तुमच्याकडे एरर येते आणि वाटतं आपल्यालाच जमत नाही. "आयएक्स" दिसलं तर साहित्य आणखी जुनं, ते २०२० मध्ये आलेल्या १.० आवृत्तीतच गेलं. पायथनमध्ये मजकुरात व्हेरिएबल घालण्यासाठी एफ-स्ट्रिंग कुठेच दिसत नसेल तर लिहिणाऱ्याचा हात २०१६ च्या आधीचा आहे, कारण ती सोय पायथन ३.६ बरोबर आली.

एसक्यूएलच्या कोर्सची अनुक्रमणिका उघडा आणि "विंडो फंक्शन" शोधा. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या दोन्हींमध्ये ती २०१८ मध्ये आली. "ॲडव्हान्स्ड एसक्यूएल" असं नाव आहे आणि विंडो फंक्शन नाही, तर तो कोर्स सोडून द्या.

आणखी एक खूण जरा वेगळी आहे. शिक्षक सतत टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांचा किंवा आयरिस फुलांचा डेटासेट वापरतोय का? एक-दोनदा ठीक. पण सगळा कोर्स त्याच्यावर असेल तर घाण डेटा साफ कसा करायचा हे तुम्ही कधीच शिकणार नाही. ते डेटासेट आधीच हजारो लोकांनी धुऊन पुसून ठेवलेत.

चॅटजीपीटीसारख्या एआय टूलचंही तसंच. न कळलेली ओळ समजावून घ्यायला ते फार चांगलं आहे, पण कधी कधी तेही काढून टाकलेलं फंक्शन आत्मविश्वासाने देतं. कोड चालवून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वाचायला काय घ्यायचं

माझं स्पष्ट मत आहे की या टप्प्यावर व्हिडिओपेक्षा वाचन कामाला येतं. व्हिडिओत पाहिजे ती ओळ पुन्हा सापडत नाही, आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर दोन तासांचा एचडी व्हिडिओ तो संपवून टाकतो. लेखी पान काही केबीत उघडतं.

पहिलं पुस्तक वेस मॅकिन्नी यांचं "पायथन फॉर डेटा ॲनालिसिस". पांडाज सुरू केली तीच ही व्यक्ती, २००८ मध्ये. पुस्तकाची तिसरी आवृत्ती २०२२ ची आहे आणि ती पूर्ण त्यांच्या वेबसाइटवर मोफत वाचता येते. पायथनची ओळख असेल तर सुरुवातीची प्रकरणं चाळा आणि डेटा साफ करणं, जोडणं, गट पाडणं आणि टाइम सिरीज या प्रकरणांवर वेळ घालवा. कंटाळवाणं वाटेल. पण नोकरीतला अर्धा दिवस याच प्रकरणांत जातो.

जेक व्हँडरप्लास यांचं "पायथन डेटा सायन्स हँडबुक" सुद्धा नोटबुकच्या रूपात मोफत आहे. नमपायचा भाग त्यात फार छान समजावलाय. फक्त मोफत असलेली आवृत्ती २०१६ ची, त्यामुळे पांडाजच्या कोडला वर सांगितलेल्या खुणा लावून वाचा.

आर भाषा शिकायची असेल तर हॅडली विकम आणि सहकाऱ्यांचं "आर फॉर डेटा सायन्स", दुसरी आवृत्ती, २०२३, मोफत. त्यानंतर विकम यांचंच "ॲडव्हान्स्ड आर". आर की पायथन, यावर आठवडाभर वाद घालू नका. संख्याशास्त्रात एमएस्सी करणाऱ्यांना आर जवळचं वाटेल, बाकीच्यांनी पायथन घ्या.

आता जी गोष्ट कोणीच उघडत नाही ती: अधिकृत डॉक्युमेंटेशन. पांडाजच्या यूजर गाइडमध्ये "स्केलिंग टू लार्ज डेटासेट्स" आणि "एनहान्सिंग परफॉर्मन्स" अशी दोन पानं आहेत. पैसे घेऊन "बिग डेटा ट्रिक्स" म्हणून जे शिकवतात त्यातला बराच भाग या दोन पानांत आहे. उदाहरणार्थ, बाजारभावाच्या फाइलमध्ये दहा लाख ओळी आणि बाजार समितीच्या नावाचा कॉलम. नावं फक्त शंभरच, पण प्रत्येक ओळीत पूर्ण नाव साठवलेलं. तो कॉलम "कॅटेगरी" प्रकारात बदलला की पांडाज नावांची एक यादी ठेवतं आणि प्रत्येक ओळीत एका बाइटचा क्रमांक. त्या कॉलमची मेमरी कित्येक पटींनी कमी होते. कमी रॅमच्या फोनवर किंवा जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला ही एक ओळ माहीत असणं म्हणजे फाइल उघडणं आणि न उघडणं यातला फरक.

इंग्रजी जड जातं का? क्रोममध्ये पान मराठीत भाषांतर करून वाचायला हरकत नाही. पण कोड मात्र मूळ इंग्रजी पानावरूनच घ्या. भाषांतर करताना कधी कधी कोडमधल्या शब्दांचंही मराठी होतं आणि मग काहीच चालत नाही.

एसक्यूएल: फोनमध्येच आहे की

अँड्रॉइडमध्ये एसक्यूलाइट हा डेटाबेस मुळातच बसवलेला असतो. तुमचे कॉन्टॅक्ट्स त्यात असतात, व्हॉट्सॲपचे मेसेजही तशाच फाइलमध्ये साठतात. म्हणजे एसक्यूएल ही कुठल्या तरी ऑफिसातली दूरची गोष्ट नाही.

सुरुवात कॅगलच्या मोफत कोर्सने करा. कॅगल ही २०१० ची कंपनी, २०१७ पासून गूगलकडे आहे. तिथल्या "लर्न" विभागात "इंट्रो टू एसक्यूएल" आणि मग "ॲडव्हान्स्ड एसक्यूएल" असे छोटे कोर्स आहेत. दुसऱ्यात जॉइन, विंडो फंक्शन आणि क्वेरी वेगवान कशी करायची हे येतं. सराव ब्राउझरमध्येच होतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पांडाज, डेटा क्लीनिंग आणि टाइम सिरीजचेही कोर्स तिथे आहेत. प्रमाणपत्र मिळतं, पण त्याच्यावर नोकरी मिळत नाही, हे धरून चला.

त्यानंतर मार्कुस विनांड यांचं "यूज द इंडेक्स, ल्यूक" हे वेब-पुस्तक. यात एकच विषय आहे, इंडेक्स. डेटाबेसला लाखो ओळींतून तुमची ओळ पटकन कशी सापडते आणि कधी सापडत नाही. तीच क्वेरी एकाकडे दहा सेकंद घेते आणि दुसऱ्याकडे क्षणात होते, हे कशामुळे, ते यातून कळतं. मुलाखतीत "क्वेरी स्लो आहे, काय कराल?" हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक जण "सर्व्हर वाढवू" म्हणतात.

ज्यांना आणखी खोल जायचंय त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अँडी पावलो यांची डेटाबेसवरची व्याख्यानं यूट्यूबवर पूर्ण आहेत. जड आहेत, घाई नको. आणि सीएसव्ही फाइलवर थेट एसक्यूएल चालवायचं असेल तर डकडीबी बघा. ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेत जन्मलेलं हे छोटं मोफत साधन साध्या लॅपटॉपवरही लाखो ओळींचा हिशेब पटकन करतं.

आता सराव: कांद्याचा भाव

सोलापूर बाजार समिती कांद्यासाठी किती मोठी आहे हे इथल्या कोणाला सांगायला नको. हंगामात आवक वाढली की गाड्यांच्या रांगा लागतात. या भावांचा डेटा सरकार रोज प्रसिद्ध करतं. केंद्राचं ॲगमार्कनेट, भारत सरकारचं खुल्या डेटाचं पोर्टल आणि महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची वेबसाइट, तिन्हीकडे बाजार, वाण, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर मिळतो. पणन मंडळाकडे तो मराठीत आहे आणि आवकही दिलेली असते. खुल्या डेटाच्या पोर्टलवर नोंदणी केली की एपीआय की मिळते आणि पायथनमधून थेट डेटा ओढता येतो.

एखादा कोर्स चांगला होता की नाही, हे या फाइलवर बसलं की कळतं.

पहिली परीक्षा, टोकाचे आकडे. किमान दराच्या कॉलममध्ये तुम्हाला कुठे कुठे क्विंटलला १०० रुपये दिसतील, त्याच दिवशी कमाल दर हजारांत. बहुतेक कोर्स शिकवतात की असे आउटलायर काढून टाका. आता हे बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूर बाजार समितीत आणला. भाव मिळाला किलोला १ रुपया, म्हणजे क्विंटलला बरोबर १०० रुपये. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात २ रुपयांचा चेक आला. देशभर बातमी झाली होती. तुमच्या स्क्रिप्टमधल्या एका ओळीने "चुकीचा डेटा" म्हणून जो आकडा उडवला, तो चुकीचा नव्हता. तो सगळ्यात महत्त्वाचा होता. आउटलायर काढण्याआधी तो कशामुळे आला हे शोधायला जे पुस्तक सांगतं ते चांगलं. नुसतं सूत्र देऊन पुढे जातं ते अर्धवट.

दुसरी परीक्षा, सरासरी. समजा (हे आकडे काल्पनिक आहेत) एका दिवशी १०० क्विंटल आवक आणि भाव २००० रुपये, दुसऱ्या दिवशी ९०० क्विंटल आणि भाव १००० रुपये. साधी सरासरी येते १५००. पण ९०० क्विंटल माल तर हजारानेच गेलाय. आवकेनुसार वजन देऊन काढली तर सरासरी ११०० येते. क्विंटलमागे ४०० रुपयांचा फरक! बातम्यांमधले "सरासरी भाव" वाचताना हा प्रश्न विचारायची सवय लागली तर तुम्ही अर्धे डेटा ॲनालिस्ट झालातच. पांडाजमध्ये गट पाडून अशी भारित सरासरी काढता येते का, बघा. साध्या ग्रुपबायने होत नाही, थोडं डोकं लावावं लागतं.

तिसरी, रिकामे दिवस. सणाची सुट्टी किंवा बंद असला की लिलाव होत नाहीत आणि त्या तारखेची ओळच नसते. तिथे शून्य भरलं तर आलेखात भाव कोसळलेला दिसेल. आदल्या दिवसाचा भाव पुढे ओढणं चालेल, पण ओढला आहे याची खूण वेगळ्या कॉलममध्ये ठेवा. लाल आणि पांढरा कांदा वेगळे ठेवायलाही विसरू नका.

चौथी परीक्षा भावाच्या अंदाजाची आहे आणि इथे फसवणूक फार सोपी असते. ट्रेनिंग आणि टेस्टचा डेटा जर रँडम पद्धतीने वेगळा केला, तर मॉडेलला उद्याचा भाव आधीच दिसतो आणि "९८% अचूक" असा निकाल येतो. तारखेनुसार कापा: जुना डेटा शिकायला, नवा तपासायला. आणि तुमच्या मॉडेलची तुलना सगळ्यात साध्या अंदाजाशी करा, "उद्याचा भाव आजच्याइतकाच". त्याला जर मॉडेल हरवू शकत नसेल तर ते मॉडेल कामाचं नाही. हा विषय नीट शिकायला रॉब हाइंडमन आणि जॉर्ज अथानासोपौलोस यांचं "फोरकास्टिंग: प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस" घ्या, तेही वेबवर मोफत आहे.

उजनी: उणे आकडा म्हणजे चूक नव्हे

हे उदाहरण जगातल्या कुठल्या कोर्समध्ये सापडणार नाही. उजनी धरणाची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी. त्यातला सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. रोजची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की टक्केवारी शून्याखाली जाते. "उजनी मायनसमध्ये" ही बातमी आपण दर दोन-तीन वर्षांनी वाचतोच.

पुण्या-मुंबईकडे बसलेल्या एखाद्याला हा डेटा दिला तर तो पहिल्यांदा काय करेल? टक्केवारी उणे असूच शकत नाही म्हणून त्या ओळी काढून टाकेल. म्हणजे नेमके दुष्काळाचे दिवस गायब. उणे ५०% चा अर्थ साधा आहे: मृतसाठ्यातलं साधारण २६.८ टीएमसी वापरलं गेलं आणि धरणात अजून ३७ टीएमसीच्या आसपास पाणी आहे.

यात आणखी एक गंमत. पांडाजमध्ये "पर्सेंट चेंज" नावाचं फंक्शन आहे. उजनीचा साठा उणे २ वरून १ वर गेला, म्हणजे पाणी वाढलं. फंक्शन उत्तर देतं उणे १५०%! गणित बरोबर, अर्थ उलटा. इथे टक्केवारी सोडून थेट टीएमसीतला फरक काढायचा असतो. इंग्रजी पुस्तकांतून फंक्शन शिकता येतं, पण आकडा खरा की खोटा हे गाव माहीत असणाऱ्यालाच कळतं. सोलापुरात राहून हे शिकण्याचा हा सरळ सरळ फायदा आहे.

मराठी मजकुराचं काय?

हा भाग बहुतेक साधनांत नसतोच, पण सरकारी डेटा मराठीत असेल तर डोकेदुखी इथेच होते.

"शेतकऱ्यांचा" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. मग दोन टेबलं जोडताना ओळी जुळत नाहीत आणि कारण सापडत नाही. "ॲ" चंही तसंच, एक अक्षर म्हणूनही लिहितात आणि अ वर चंद्र देऊनही. पायथनमध्ये "सोलापूर" ची लांबी विचारा, ४ नाही, ७ येते, कारण मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. मराठी यादी क्रमाने लावली तर ळ हा ल च्या लगेच मागे येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. एक चांगली बातमीही आहे: पायथनला "१२" हे देवनागरीतले अंक दिले तरी तो त्यांची संख्या बरोबर करतो.

यासाठी पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमधलं "युनिकोड हाउटू" हे पान वाचा. त्यातली नॉर्मलायझेशनची पद्धत कामाची आहे, पण ती वरची न दिसणारी चिन्हं आपोआप दुरुस्त करत नाही. ती तुम्हाला स्वतः बदलावी लागतात. आणि गावांची नावं! जुन्या इंग्रजी नोंदींत शोलापूर, नव्यात सोलापूर. मंगळवेढा कुठे मंगळवेढे. जिल्ह्यात तालुके ११, तुमच्या टेबलात १३ आले तर समजा स्पेलिंगने घोळ केलाय.

कोर्सच हवा असेल तर

एनपीटीईएल हा आयआयटी आणि आयआयएस्सी यांचा २००३ पासूनचा उपक्रम. कोर्स बघायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर साधारण १००० रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. २५% गुण असाइनमेंटचे, ७५% परीक्षेचे. घरबसल्या मिळणाऱ्या प्रमाणपत्रांपेक्षा याला जास्त किंमत आहे ती याचमुळे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा "प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स युजिंग पायथन" हा आठ आठवड्यांचा कोर्स मी पहिला सुचवेन. डेटाबेससाठी आयआयटी खरगपूरचे पार्थ प्रतिम दास. सोलापूर विद्यापीठाच्या किंवा वालचंदच्या मुलांनी आपल्या विभागात विचारून घ्यावं की स्वयंम पोर्टलवरच्या कोर्सचे क्रेडिट्स धरतात का. धरत असतील तर एका दगडात दोन पक्षी.

आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस पदवीही आहे. तिला जेईई लागत नाही, पात्रता परीक्षा असते, आणि मध्येच थांबलात तरी टप्प्यानुसार सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा मिळतो. फी मात्र आहे, ती नीट बघा.

मराठीतून? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये भाषा निवडता येते आणि मराठीही आहे. लिनक्स, पायथन यांचा पाया त्यातून छान होतो. पण पायथनची मालिका ३.४ या आवृत्तीवर आहे, ती २०१४ ची. पायासाठी ठीक, प्रगत कामासाठी नाही. प्रगत पातळीवर मराठीत साहित्य फार कमी आहे आणि इंग्रजी वाचायची सवय लावण्याला सध्या तरी पर्याय नाही. गिट आणि कमांड लाइनसाठी एमआयटीची "मिसिंग सेमिस्टर" ही छोटी व्याख्यानमाला बघा.

लॅपटॉप नाही, मग?

गूगल कोलॅब फोनच्या क्रोममध्ये चालतं. साधारण १२ जीबी रॅमचं मशीन फुकट मिळतं, फोनवर फक्त टाइप करायचं. सेशन संपलं की तिथल्या फाइल्स जातात, म्हणून सगळं ड्राइव्हमध्ये ठेवा. दोन-तीनशे रुपयांचा ओटीजी किंवा ब्लूटूथ कीबोर्ड मिळाला तर कामाचा वेग एकदम वाढतो. नेट नसताना पायड्रॉइड ३ वापरता येतं. टर्मक्स घेतलंत तर एफ-ड्रॉइडवरून घ्या. कॅगलच्या नोटबुकमध्ये इंटरनेट चालू करायला फोन नंबर पडताळावा लागतो, मग तिथेही बाहेरचा डेटा ओढता येतो.

खरं सांगायचं तर शिकण्याचे पहिले तीन-चार महिने फोनवर निघतात. पुढे लॅपटॉप लागतोच. जुना, ८ जीबी रॅमचा चालेल.

क्लासवाला ५०-६० हजार मागतोय, काय करू?

आधी अभ्यासक्रम लेखी मागा आणि वरच्या खुणा लावून बघा. एक डेमो तास मागा आणि शिकवणाऱ्याला कांद्याची फाइल उघडायला सांगा. दोन मिनिटांत कळेल का बे हा खरंच काम केलेला माणूस आहे. मागच्या बॅचमधल्या दोघांशी स्वतः बोला, क्लासने दिलेल्या नंबरवर नाही, लिंक्डइनवरून शोधून.

"फी हप्त्याने भरा" म्हणतात तेव्हा बहुतेकदा ते कर्ज असतं, आणि ते तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर एखादी फायनान्स कंपनी देते. क्लासला पैसे एकरकमी मिळालेले असतात. तुम्ही दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला तरी हप्ते सुरूच राहतात आणि चुकले तर सिबिल स्कोअर तुमचा बिघडतो. कागदावर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव आहे का, आणि फी परत करायची अट काय आहे, हे सही करण्याआधी वाचा. ओटीपी मागितला तर तो कशासाठी आहे ते मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय सांगू नका.

"१००% प्लेसमेंट" चं आश्वासनही लेखी मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यात नोकरीच्या खोट्या हमीचाही समावेश आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, फीची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, तक्रार करताना तेच मागतात.